सुईनंतरचा अर्धा तास

मी एकदा माझ्या डाव्या पोटरीवर निळ्या बॉलपेननं कावेरी नदी काढली, आणि ही खरीखुरी शीर आहे, हिच्यात इंजेक्शन द्या, असं सांगत डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसले. तेव्हा मी काही पाच वर्षांची नव्हते. पन्नाशी उलटली होती. शाळेत भूगोल शिकवत होते. पोरांनी नकाशात नदी उलटी वाहवली की कान पिरगाळणारी बाई ती मीच.

आता पंचाहत्तरी ओलांडल्यावर त्या बाईकडे मागे वळून बघते तेव्हा हसू आवरत नाही. भाजीवालीशी कन्नडमध्ये आणि हेडमास्तरांशी इंग्रजीत भांडणारी, तोंडानं इतकी तिखट बाई, पण स्वतःच्या नवऱ्याला एक साधी गोष्ट सांगायला हिची जीभ उचलेना. सुई टोचून झाली की अर्धा तास चालायचं असा डॉक्टरीणबाईंचा हुकूम होता, आणि तो अर्धा तास आमचे हे माझ्या शेजारून चालायचे. मला तो अर्धा तास हवा होता. सुई त्याचं तिकीट होतं, एवढंच.

पायावरची ती जाळी मला चाळिशीत आली. दिवसभर फळ्यासमोर उभं राहायचं, घरी येऊन ओट्यासमोर उभं राहायचं. आधी घोट्याजवळ जांभळे दोरे दिसले, मग गुडघ्यामागे, मग पोटरीवर झाडाच्या मुळांसारखे पसरले. संध्याकाळी जळजळायचे, खाज सुटायची. पण जळजळीसाठी कुठली मी डॉक्टरकडे जाते! गेले ते नणंदेच्या तोंडामुळे. कृष्णराजनगरला त्यांच्याकडे लग्न होतं. आम्ही बायका नदीवर गेलो, मी साडी जरा वर खोचून पाण्यात पाय घातले, तशी नणंद सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "अय्यो वैनी, पायावर कोळी पाळलाय की काय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि साडी सोडून दिली ती भिजली तरी वर घेतली नाही. घरी आल्यावर यांना सांगितलं तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "पायाकडे कोण बघतं?" झालं. त्या "कोण बघतं"नं नणंदेपेक्षा जास्त टोचलं.

मग कुणीतरी सांगितलं, म्हैसुरातच, अग्रहाराच्या जुन्या वस्तीत एक नवीन डॉक्टरीण आली आहे, बारीक सुईनं औषध घालून या जाळ्या घालवते. पुण्याची आहे, मराठी बोलते. मला आनंद झाला. घराबाहेर मराठी बोलायला मिळणार म्हणून मी चांगली इरकल नेसून गेले. हे स्कूटरवरून सोडायला आले होते, ते खुर्चीच्या कडेवर टेकले, जसे काही लगेच उठून जायचंय.

"बोला काकू, काय त्रास आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. वयानं माझ्या मुलीएवढी, पण आवाज रेडिओवरच्या बातम्यांसारखा स्वच्छ.

मी म्हटलं, "माझ्या पायात नर उठलेत."

तिनं पेन खाली ठेवलं. "काय उठलेत?"

"नर हो. निळे निळे. आधी दोन-चारच होते, आता खूप झालेत. एक तर गुडघ्याच्या वर चढलाय. संध्याकाळी फार छळतात."

ती माझ्याकडे बघते, मग यांच्याकडे बघते. हे छताकडे बघतात. मला वाटलं, पोरीला ऐकू कमी येतंय. म्हणून मी आणखी मोठ्यानं म्हटलं, "त्यांना मारायचं औषध आहे म्हणे तुमच्याकडे. सगळे मारून टाका, एकसुद्धा ठेवू नका!"

तेव्हा यांना ठसका लागला, आणि ठसक्यातूनच म्हणाले, "व्हेन्स, डॉक्टर. व्हेन्स. कन्नडमध्ये नर म्हणतात."

"अगं बाई, शिरा!" डॉक्टरीणबाई टेबलावर हात आपटून हसायला लागली.

"शिरा आम्ही खातो," मी म्हटलं. मला राग आला होता. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरातलं. आजी म्हणायची नर, आई म्हणायची नर, मान आखडली तर नर धरला, पाय मुरगळला तर नर चढला. तो शब्द मराठी नाही हे मला पन्नाशी उलटल्यावर, पदर सावरून, परक्या बाईच्या समोर कळलं. आणि मराठीत त्याचा अर्थ काय होतो, तेही. माहीत नव्हता असं नाही, पण माझ्या डोक्यात ते दोन शब्द दोन वेगळ्या खोल्यांत राहायचे, कधी एकमेकांना भेटलेच नव्हते.

एवढं झाल्यावर ती पोर माझी झाली. तिनं पाय बघितले, दिव्याखाली बोट फिरवून बघितले, आणि समजावून सांगितलं. केसासारखी सुई असते. तिच्यातून औषध गेलं की शीर आतून चिकटते, रक्त दुसऱ्या चांगल्या शिरेनं जातं, आणि हिचा रंग हळूहळू विरतो. एका दिवसात होत नाही. थोडं थोडं करत, मध्ये काही आठवडे सोडून, बऱ्याच वेळा यावं लागेल. काही ठिकाणी आधी काळंनिळं दिसेल, घाबरायचं नाही. कढत पाण्यानं आंघोळ नाही. पायांत घट्ट मोजे घालायचे. "आणि महत्त्वाचं म्हणजे, इथून उठलं की लगेच चालायचं. निदान अर्धा तास. बसायचं नाही, उभंही राहायचं नाही. स्कूटर तर मुळीच नाही."

सुईचं फार काही वाटलं नाही. घोट्याजवळ मात्र मुंगळा डसल्यासारखं झालं आणि पोटरीत पेटका आला. मी "अय्यय्यो" म्हटलं तर बाहेरून यांचा आवाज, "काय झालं?" मी म्हटलं, "नर मेला." नर्स कन्नड होती, ती काही हसली नाही. तिच्या दृष्टीनं बरोबरच होतं.

बाहेर आले. हे स्कूटरला किल्ली लावून तयार. मी सांगितलं, चालायचं आहे. आमचं घर सरस्वतीपुरमला, म्हणजे चांगला अर्ध्या तासाचा रस्ता. हे विचारात पडले. स्कूटर सोडून जायची तर चोरीला जाईल. मला एकटीला सोडायचं तर नुकतीच सुई टोचलेली. शेवटी त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि स्कूटर हातानं ढकलत माझ्याबरोबर चालायला लागले.

इथं तुम्हाला एक सांगायला हवं. लग्नाला एवढी वर्षं होऊन आम्ही दोघं शेजारी शेजारी कधी चाललोच नव्हतो. सासूबाई होत्या तोवर ते दहा पावलं पुढे आणि मी मागे, कारण नवऱ्याला खेटून चालणं चार लोकांत बरं दिसत नाही. सासूबाई गेल्यावरही ती दहा पावलं तशीच राहिली. मग स्कूटर आली, आणि दहा पावलांचं अंतर गेलं तरी पुन्हा समोर पाठच. मला त्यांच्या पाठीचा भूगोल पाठ होता. शर्टाची कॉलर कुठं विरली आहे, मानेवर तीळ कुठं आहे, पावसात बनियन कसं दिसतं. तोंड दिसायचं ते ताटावर वाकलेलं किंवा पेपरामागे.

त्या दिवशी पहिल्यांदा मला चालताना त्यांचं तोंड बाजूनं दिसलं. आणि ते तोंड घामेजलेलं आणि लाजलेलं होतं. कारण वाटेत प्रत्येक माणूस थांबून विचारायचा, "पेट्रोल मुगीता सार?" संपलं का पेट्रोल? आणि हे दर वेळी मान हलवून म्हणायचे, "हौदु, मुगीतु." हो, संपलं. एकानं तर बाटलीत काढून द्यायची तयारी दाखवली. तरी यांनी कबूल केलं नाही की बायकोबरोबर चालतोय म्हणून.

पुढे रेल्वेचं फाटक लागलं, तेही बंद. उभं राहायची मला बंदी. मग मी त्या फाटकापुढे, सगळ्या सायकली, स्कूटर, रिक्षांच्या देखत, झूमधल्या वाघासारखी इकडून तिकडे फेऱ्या घालायला लागले. लोक बघायला लागले. एक म्हातारा आपल्या बायकोला कन्नडमध्ये म्हणाला, पाप, म्हणजे बिचारी, काहीतरी झालंय तिला. मला रडू यायच्या बेतात होतं. तेवढ्यात यांनी काय करावं? स्कूटर स्टँडवर लावली, आले, आणि माझ्या शेजारून फेऱ्या घालायला लागले. हात पाठीमागे बांधून, कचेरीत साहेब फेऱ्या घालतो तसे. गाडी आली, गेली, फाटक उघडलं, हॉर्न वाजायला लागले, तरी आम्ही दोघं आणखी एक फेरी घातली. ती शेवटची फेरी गरजेची नव्हती.

पुढच्या वेळेपासून त्यांनी स्कूटर घरीच ठेवली. जाताना आम्ही बसनं जायचो, येताना चालत. आणि चालायला लागलं की या माणसाला कंठ फुटायचा. घरात दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारा माणूस, रस्त्याला लागला की थांबायचा नाही. अग्रहारात त्यांचं लहानपण गेलेलं. या ओट्यावरून पडलो, या घरातली आजी गुळाचा खडा द्यायची, या बोळात मला कुत्रं चावलं. मला म्हणायचे, "तू ऐकतेयस ना?" मी म्हणायचे, "पायाचं लक्ष नाही, कानाचं आहे, बोला." कचेरीतल्या साहेबांची नक्कल करायचे. एकदा तर शीळ वाजवली. मला माहीतच नव्हतं यांना शीळ येते म्हणून. मुलंबाळं झाली, मुलीचं लग्न झालं, आणि शीळ येते हे मला आता कळतंय!

एकदा मी विचारलं, "अहो, मला बघायला आला होतात तेव्हा काय वाटलं होतं?"

"मी कुठं बघितलं तुला?" हे म्हणाले. "वर बघायचा धीर होता का? तू पोहे घेऊन आलीस, तुझे पाय तेवढे दिसले. मी घरी येऊन हो म्हणून सांगितलं."

"आणि तोंड?"

"तोंड लग्नात बघितलं. तोवर उशीर झाला होता."

मी इतकी हसले की रस्त्यावरच्या गाईनं मान वळवून बघितलं. पण मोज्यांच्या आत माझे ते दोन पाय, सुयांनी टोचलेले, काळेनिळे झालेले, मला एकदम माझे वाटले. "पायाकडे कोण बघतं" म्हणणाऱ्या माणसानं पायच तेवढे बघितले होते.

तेव्हापासून मी सुईच्या दिवसाची वाट बघायला लागले. पोरींना सणाची असते तशी. आदल्या दिवशी मोजे धुऊन ठेवायचे. त्या दिवशी शाळेत पोरांना मार पडायचा नाही, उलट मी नदीला दोन मुखं काढणाऱ्यालाही सोडून द्यायचे. मनातल्या मनात मी पायावरच्या जाळ्या मोजायचे आणि त्या कमी होतायत म्हणून मला वाईट वाटायचं. अशी रोगी जगात दुसरी झाली नसेल.

आणि मग तो दिवस आला. डॉक्टरीणबाईनं दोन्ही पाय उलटसुलट करून बघितले आणि म्हणाली, "अभिनंदन काकू. पाय स्वच्छ!"

मी म्हटलं, "नीट बघा की. मागे एखादी राहिली असेल."

"नाही राहिली."

"आत?"

"काकू, आतल्या शिरा लागतात. त्या राहू द्या." ती हसली. "तीन आठवड्यांनी एकदा दाखवून जा, म्हणजे झालं."

ते तीन आठवडे मी काय काय केलं! संध्याकाळ झाली की चपला घालून दारात उभी राहायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "जरा बाहेर जाऊन येते हं." पेपरामागून आवाज यायचा, "येताना कोथिंबीर आण." दुसऱ्या दिवशी म्हणायचे, "हवा छान आहे नाही?" आवाज यायचा, "खिडकी उघड." एक दिवस मी घरातल्या घरात, स्वयंपाकघर ते पडवी, फेऱ्या घातल्या. म्हटलं बघू तरी फाटकासारखे येतात का. हे म्हणाले, "काय शोधतेयस? चष्मा डोक्यावर आहे."

"चला, जरा चालून येऊ," हे चार शब्द. एवढेच म्हणायचे होते. पण मला वाटायचं, आपण म्हणावं आणि यांनी "कशाला? आता डॉक्टरनं सांगितलंय का?" असं विचारावं, तर मग मी काय सांगू? मला तुमचं तोंड बाजूनं बघायचंय असं सांगू? या वयात? त्यापेक्षा पायात सुई बरी.

म्हणून मग शेवटच्या भेटीच्या सकाळी मी न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि बॉलपेन काढलं. आता लबाडी करायची तर दोन वेड्यावाकड्या रेघा ओढायच्या आणि मोकळं व्हायचं. पण हाताला सवय! पोटरीवर एक रेघ काढली तर ती कावेरीच निघाली. मग वरून हेमावती आणून मिळवली. खालून कपिला. मागे उभं राहून आरशात बघितलं तर इतकी सुरेख आली होती की गावांची नावं घालायचा मोह झाला.

डॉक्टरीणबाई बघून म्हणाली, "अरेच्चा, ही नवीन दिसतेय." मी म्हटलं, "तरी मी सांगत होते." तिनं सुई भरायला सांगितली आणि टोचण्याआधी स्पिरिटचा कापूस फिरवला. पहिल्या हातात कपिला गेली. दुसऱ्या हातात कावेरी उगमापर्यंत पुसली. कापूस निळा झाला. ती कापसाकडे बघत राहिली, मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे. नर्स म्हणाली, "अम्मा, इंक!"

डॉक्टरीणबाई ओरडली नाही. तिनं माझ्या पायावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, आता औषध नको. मोजेही नकोत. घरी जा." मी साडी खाली केली आणि बाहेर आले. हे बाकावर बसले होते. "काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"संपलं म्हणाली. आता यायला नको."

"बरं," हे म्हणाले. उठून दारापर्यंत गेले, वळले. मग म्हणाले, "रिक्षा बघू?"

मी म्हटलं, "बघा."

बस्स. एवढंच झालं. रिक्षात आम्ही शेजारी होतो खरे, पण त्या रिक्षाच्या आवाजात कुणी बोलणार काय? ते त्यांच्या बाजूनं बाहेर बघत होते, मी माझ्या बाजूनं. फाटक उघडं होतं, भुर्रकन ओलांडून गेलो.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मिळाली आम्हाला. तक्रार करायला जागा नाही. नातवंडं झाली, यांची पेन्शन झाली, स्कूटर विकली. पण तसं चालणं पुन्हा झालं नाही. देवळात गेलो तर बरोबर कुणीतरी असायचं. लग्नाला गेलो तर ते पुरुषांत, मी बायकांत. मी त्यांच्या तोंडून "चल" ऐकायची वाट बघत राहिले. मग त्यांचे गुडघे गेले, आणि मग एका सकाळी तेही गेले. शीळ मी पुन्हा ऐकली नाही. कधी कधी संध्याकाळी सरस्वतीपुरमच्या रस्त्यावर एकटी फिरते, कुणी शाळकरी पोर शीळ वाजवत सायकलवरून जातं, आणि म्हातारी वळून बघते म्हणून ते पोर घाबरून वेगानं पळतं.

मागच्या वर्षी माझी मुलगी बंगळुरूहून आली. तिच्या पायावर आता तीच नक्षी उमटली आहे. मी तिला त्याच डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाईचे केस पांढरे झालेत आणि कन्नड इतकं चांगलं झालंय की नर्सला "नर" म्हणूनच सांगत होती. मला ओळखलं तिनं. मुलगी आत पलंगावर पाय सोडून झोपली होती, सुई लागायची होती. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "काका कसे आहेत?" मी सांगितलं. ती हातमोजे घालता घालता थांबली. मग ते काढून ठेवले, माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली,

"काकू, त्यांनी मला कुणाला सांगू नका म्हणून बजावलं होतं, पण आता सांगते. तुमची शेवटची भेट होती ना, त्याच्या आदल्या आठवड्यात काका एकटेच आले होते. त्यांनी एक मागणं केलं, आणि हे काकूंना तुम्हीच म्हणा, असं सांगून मी त्यांना परत पाठवलं. म्हणाले होते, 'डॉक्टर, तिला अजून काही महिने बोलवत राहा. सुई मात्र टोचू नका, तिला दुखतं. नुसतं चालायला सांगा.'"